गडलिंग वकिलांची तारीख

वकिलाला अटक झाली, की त्या दिवशीच्या बोर्डावर त्याच्या ज्या केसेस लागलेल्या असतात त्यांचं पुढे काय होतं, हे कोर्टाबाहेरच्या माणसाच्या सहसा मनातही येत नाही. माझ्या येतं, कारण माझा दिवसच बोर्ड बघून सुरू होतो. शिपाई पुकारा करतो. आरोपी पिंजऱ्यात उभा असतो, नाहीतर पडद्यावर तुरुंगातल्या खोलीत बसलेला दिसतो. साहेब विचारतात, आरोपीतर्फे कोण? कुणी उठत नाही. रोजनाम्यात ओळ पडते, ‘आरोपीचे वकील गैरहजर’, आणि पुढची तारीख. त्या एका ओळीपायी आतल्या माणसाचा आणखी एक महिना जातो. त्याला कुणी सांगतही नाही की तुझा वकील का आला नाही.

६ जून २०१८ ला पुणे पोलिसांनी एल्गार परिषद प्रकरणात नागपुरात ॲड. सुरेंद्र गडलिंग यांना अटक केली. त्याच दिवशी नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागप्रमुख प्रा. शोमा सेन आणि गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर काम करणारे महेश राऊत यांना नागपुरातून, सुधीर ढवळे यांना मुंबईतून आणि रोना विल्सन यांना दिल्लीतून उचललं. हे मी २०२५ च्या नोव्हेंबरात लिहिते आहे. सेन, ढवळे, विल्सन जामिनावर बाहेर आहेत. राऊत यांना सप्टेंबरात आजारपणामुळे तात्पुरता जामीन मिळाला. गडलिंग तळोजा कारागृहातच आहेत. सात वर्षं पाच महिने झाले. या प्रकरणात त्यांना कुठल्याही न्यायालयाने दोषी ठरवलेलं नाही, कारण दोषी ठरवायला आधी खटला चालावा लागतो.

माझी त्यांची ओळख नाही. मी विदर्भातल्या एका लहान कोर्टात फौजदारी वकिली करते, तीही बरीचशी विधी सेवा प्राधिकरणाकडून येणारी, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची. पण पूर्व विदर्भात ही कामं करणाऱ्या कुणालाही त्यांचं नाव माहीत असतं. दलित वस्तीतला, आंबेडकरी चळवळीतून आलेला नागपूरचा माणूस. इंडियन असोसिएशन ऑफ पीपल्स लॉयर्स या वकिलांच्या संघटनेचा सरचिटणीस. गडचिरोलीतले आदिवासी, ज्यांच्यावर नक्षलवादाची कलमं लागली आहेत आणि ज्यांच्याकडे फी द्यायला काही नाही, त्यांच्या केसेस घेणारा. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. एन. साईबाबा आणि त्यांच्यासोबतच्या आरोपींच्या गडचिरोलीतल्या खटल्यात बचावाची बाजू त्यांनी लढवली.

त्या खटल्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं त्यावरून कळेल. ७ मार्च २०१७ ला गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने साईबाबांना जन्मठेप दिली. नव्वद टक्के अपंगत्व, चाकाची खुर्ची, आणि नागपूर कारागृहातला अंडा सेल, म्हणजे एकांत कोठडी. त्यांच्याबरोबर शिक्षा झालेला पांडू नरोटे हा गडचिरोलीचा आदिवासी तरुण ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच आजारपणात गेला. दोनच महिन्यांत, १४ ऑक्टोबरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी, शनिवारी खास बसून, त्या निकालाला स्थगिती दिली. पुन्हा सुनावणी झाली आणि ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने पुन्हा निर्दोष सोडलं. साईबाबा बाहेर आले आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादला वारले. ज्या वकिलाने सुरुवातीपासून सांगितलं होतं की या खटल्यात दम नाही, तो या दोन्ही निकालांच्या वेळी स्वतः तुरुंगात होता.

गडचिरोलीच्या केसेस कशा चालतात हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं, वकील म्हणजे काळा कोट घालून भाषण करणारा. खरं काम वेगळंच असतं. भामरागड-एटापल्लीकडचा माणूस, त्याला माडिया येते, मराठी मोडकीतोडकी. कारागृह चंद्रपूरला नाहीतर नागपूरला. घरचे भेटायला निघाले तर दोन दिवस आणि मजुरी बुडते. म्हणून बायको वर्षातून एकदा मुलाखतीला येते. माझ्याकडे एका कच्च्या कैद्याची आई यायची. तिला खटल्याचं काही विचारायचं नसायचं. ती एवढंच म्हणायची, “मॅडमजी, पोरगा जिता आहे न जी?” आम्ही वकील तिथे निरोप्या असतो, दुभाषे असतो, आजारी कैद्याला सरकारी दवाखान्यात न्या म्हणून अर्ज करणारे असतो. एका केसमध्ये सुटलेल्या माणसाला तुरुंगाच्या दारातच दुसऱ्या केसमध्ये उचललं तर रात्री फोन आम्हालाच येतो. असं होतं, हे मी हवेत बोलत नाही. अरुण फरेरा २०११ च्या सप्टेंबरात नागपूर कारागृहातून सुटून बाहेर पडले तेव्हा साध्या कपड्यातल्या पोलिसांनी त्यांना दारातूनच उचलून नेलं होतं. २००७ पासून ते आत होते. एकेक करत सगळ्या खटल्यांतून सुटले. बाहेर आल्यावर त्यांनी काय करावं? कायद्याचं शिक्षण घेतलं आणि वकील झाले.

त्या फरेरांनाही ऑगस्ट २०१८ मध्ये याच एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा धरलं. नोव्हेंबरात पुण्याच्या न्यायालयात त्यांनी सांगितलं, की पोलीस कोठडीत चौकशीच्या वेळी आपल्याला आठ-दहा थपडा मारल्या. एका वकिलाला हे भर कोर्टात सांगावं लागतं. ज्याला कलमं पाठ आहेत, ज्याला न्यायाधीशांसमोर बोलायची सवय आहे, त्याच्यावर ही वेळ येत असेल, तर माझ्या माडिया अशिलाला कोठडीत काय होत असेल आणि तो ते कोणत्या भाषेत सांगेल?

आता प्रकरण. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला, लढाईला दोनशे वर्षं झाली म्हणून जमलेल्या लोकांवर हल्ले झाले. ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, की परिषदेतल्या भाषणांनी हिंसा भडकली आणि परिषदेमागे माओवादी होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील हे दोघे निवृत्त न्यायाधीश उघडपणे म्हणत राहिले की परिषद आम्ही भरवली. १७ एप्रिलला गडलिंगांच्या नागपूरच्या घरावर छापा पडला, संगणक आणि हार्ड डिस्क जप्त झाल्या. पुढचा सगळा डोलारा त्या डिस्कांत सापडलेल्या पत्रांवर उभा आहे.

पत्रं खरी की खोटी? आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतल्या डिजिटल न्यायवैद्यक संस्थेने बचाव पक्षाच्या विनंतीवरून डिस्कच्या प्रती तपासल्या. गडलिंगांच्या संगणकाबद्दलचा त्यांचा अहवाल २०२१ मध्ये आला. ईमेलमधून घुसलेल्या नेटवायर या मालवेअरने कुणीतरी तो संगणक वीस महिने ताब्यात ठेवला होता आणि वादातली चौदा कागदपत्रं त्यात बाहेरून टाकली होती, असं त्यात म्हटलंय. रोना विल्सन यांच्या संगणकातही तोच हल्लेखोर होता, असंही. राष्ट्रीय तपास यंत्रणेला, एनआयएला, हे मान्य नाही. ठीक आहे. दोन्ही बाजू कोर्टात मांडल्या जाव्यात, तज्ज्ञांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करावं, उलटतपासणी व्हावी. फौजदारी खटला त्यासाठीच असतो.

पण इथेच यूएपीएचं, म्हणजे या आरोपींवर लावलेल्या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याचं, कलम ४३ ड आडवं येतं. मी हे कलम अशिलांच्या घरच्यांना समजावून सांगताना दरवेळी अडखळते, म्हणून सावकाश लिहिते. साध्या गुन्ह्यात जामीन देताना न्यायाधीश पुरावा जरा हातात घेऊन बघतात, वजन करतात. ४३ ड च्या पोटकलम ५ मध्ये लिहिलंय, की दोषारोपपत्र वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी कारणं दिसली तर जामीन द्यायचा नाही. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वटाली निकालात सांगितलं, की या टप्प्यावर पुराव्याची छाननी करू नका. म्हणजे पत्र संगणकात बाहेरून टाकलंय हे सांगायची जागा खटल्यात, आणि खटला तर सुरूच होत नाही. जामिनाच्या वेळी ते पत्र पोलीस म्हणतात तसंच वाचलं जातं. मी कितीही प्रयत्न केला तरी एखाद्या आईला हे न्यायाचं वाटेल अशा शब्दांत मला सांगता येत नाही, कारण ते न्यायाचं नाही.

दुसरं पोटकलम, २. साध्या कायद्यात पोलिसांनी साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क आपोआप मिळतो. यूएपीएमध्ये ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून मिळते, मात्र सरकारी वकिलाने तपास कुठवर आला आणि आरोपीला आत का ठेवायचं याचा अहवाल द्यावा लागतो. गडलिंगांचे नव्वद दिवस सप्टेंबर २०१८ च्या सुरुवातीला भरत होते. पुण्याच्या न्यायालयाने मुदत वाढवून दिली. गडलिंगांनी तुरुंगातून आव्हान दिलं, की अर्ज तपास अधिकाऱ्याचा आहे, कायद्याला हवा असलेला सरकारी वकिलाचा स्वतंत्र अहवाल हा नव्हे. २४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांनी ते मान्य केलं आणि मुदतवाढ रद्द केली. पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. १५ नोव्हेंबरला पाच हजारांहून जास्त पानांचं दोषारोपपत्र दाखल झालं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश फिरवला. त्या निकालाच्या शीर्षकात त्यांचं नाव आहे, महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुरेंद्र पुंडलिक गडलिंग. मी तो आजही माझ्या अर्जांत वापरते, बहुतेकदा विरुद्ध बाजूने माझ्यावर वापरला जातो तेव्हा.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त बोचते. ॲड. सुधा भारद्वाज, छत्तीसगड उच्च न्यायालयात कामगार आणि आदिवासींच्या केसेस लढणाऱ्या, याच प्रकरणात २०१८ पासून आत होत्या. १ डिसेंबर २०२१ ला न्यायमूर्ती एस. एस. शिंदे आणि एन. जे. जमादार यांनी त्यांना जामिनाचा हक्क दिला. कारण असं, की पुण्याच्या ज्या न्यायाधीशांनी मुदत वाढवली त्यांना एनआयए कायद्याखाली विशेष न्यायालयाचे अधिकारच नव्हते. मग तेच न्यायाधीश बाकीच्यांच्या बाबतीतही होते ना? होते. पण गडलिंगांसह आठ जणांची मागणी त्याच दिवशी फेटाळली गेली, कारण त्यांनी योग्य वेळी, योग्य स्वरूपात तसा अर्ज केलेला नव्हता. दोष न्यायालयाच्या अधिकारातला, एकच प्रकरण, आणि एक बाई भायखळ्याच्या तुरुंगातून बाहेर आल्या, आठ जणांना तो हक्क मिळाला नाही. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल. मी ते वाचलं तेव्हा मला भाकरी गोड लागली नाही.

बाहेर आलेल्या भारद्वाजबाईंना मुंबईच्या न्यायालयाची हद्द सोडायची मनाई होती. त्यांचे अशील छत्तीसगडला. तीस वर्षं ज्या दल्ली राजहरा-भिलाईच्या कामगारांत काढली तिथे जायचं नाही. सुटका झाली, पण त्यांच्या अशिलांना त्यांचा वकील परत मिळाला नाही.

गडलिंगांची आई १५ ऑगस्ट २०२० ला कोरोनाने गेली. अंत्यविधी आणि घरच्या माणसांसाठी थोडे दिवस सोडा, हा अर्ज विशेष न्यायालयाने सप्टेंबरात फेटाळला. वर्षभराने, वर्षश्राद्धासाठी, उच्च न्यायालयाने १३ ते २१ ऑगस्ट २०२१ असा तात्पुरता जामीन दिला. एवढ्या दिवसांत माणूस नागपूरला जातो, आईच्या फोटोला हार घालतो आणि परत तळोजाला येतो. याच प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी, ८४ वर्षांचे, कंपवाताने हात थरथरतात म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉचा कप मागत होते. त्यासाठी अर्ज, सरकारचं उत्तर, तारीख. ५ जुलै २०२१ ला ते वांद्र्याच्या रुग्णालयात कैदी म्हणूनच गेले.

तळोज्यात मच्छरदाण्या काढून घेतल्या, तेव्हा त्यासाठीही अर्ज करावे लागले. न्यायालयाने २०२२ मध्ये नाकारले. त्याच वर्षी सप्टेंबरात याच प्रकरणातले आरोपी व्हर्नन गोन्साल्विस यांना डेंग्यू झाला आणि ते रुग्णालयात पोहोचले. यातलं प्रत्येक प्रकरण वेगळं सांगितलं तर लहान वाटतं, आणि सरकारी उत्तरात दरवेळी काहीतरी कारण असतंच, सुरक्षा, नियमावली, मनुष्यबळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये तळोज्यातल्या या आरोपींनी उपोषण केलं. मागणी काय? आम्हाला तारखेला न्यायालयात न्या. पोलीस बंदोबस्त मिळत नाही म्हणून त्यांना हजरच केलं जात नव्हतं. मी हे दोनदा वाचलं. एका वकिलाला कोर्टात जायला मिळावं म्हणून अन्न सोडावं लागलं.

ते न्यायालयात पोहोचतात तेव्हा आपली बाजू बहुतेक वेळा स्वतःच मांडतात. माझ्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ सरकारी वकिलांचे आणि माझे या प्रकरणावर मतभेद आहेत, त्यांना गडलिंगांविषयी मुळीच सहानुभूती नाही. पण तेही म्हणतात, “बाई, मुद्द्याला सोडून एक वाक्य बोलत नाही तो माणूस.”

एल्गारशिवाय त्यांच्यावर आणखी एक प्रकरण आहे, सूरजागडचं. २५ डिसेंबर २०१६ ला एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या खाणीतून लोहखनिज वाहून नेणाऱ्या वाहनांना माओवाद्यांनी आग लावली. दोन वर्षांनी, गडलिंग येरवड्यात असताना, २०१९ च्या जानेवारीत त्यांना आणि कवी वरवरा राव यांना त्यात अटक दाखवून अहेरीला नेलं. ३१ जानेवारी २०२३ ला नागपूर खंडपीठाने जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी मग पुन्हा पुन्हा पुढे गेली, २०२५ च्या ऑगस्टात एका न्यायमूर्तींनी त्यातून अंग काढून घेतलं, आणि सप्टेंबरात न्यायालयाने सरकारला विचारलं की खटला एवढा का रेंगाळला. हा प्रश्न विचारायला कुणीतरी हवंच होतं. २०२१ च्या के. ए. नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय, की खटला लवकर संपायची चिन्हं नसतील आणि माणूस दीर्घकाळ आत असेल तर ४३ ड असूनही घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकतं. ८ जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने ढवळे आणि विल्सन यांना त्याच कारणाने सोडलं. साक्षीदार तीनशेहून जास्त, आणि साडेसहा वर्षांत आरोपनिश्चितीही नाही.

देशात २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे. शंभरातले जवळपास शहात्तर. मग एका वकिलाबद्दल इतकं का लिहायचं, असं मला एका वाचकाने मागे विचारलं होतं. कारण त्या शहात्तरांपैकी प्रत्येकाला बाहेर काढायला कुणीतरी वकीलच लागतो. आणि सरकारला न आवडणाऱ्या आरोपींसाठी उभे राहणारे वकील सगळ्या जिल्ह्यात मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यातला एक आत गेला की दुसरा विचार करतो. तिसऱ्याची बायको म्हणते, नको बाई ही प्रकरणं, आपल्याला लेकरं आहेत. गडलिंगांच्या हाताखाली तयार झालेले ॲड. निहालसिंग राठोड यांनी ती कामं पुढे चालवली, आणि २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने ज्यांना कळवलं की तुमच्या फोनवर पेगासस या सॉफ्टवेअरने हेरगिरीचा प्रयत्न झालाय, त्यांत त्यांचंही नाव होतं. म्हणजे वकील आत, आणि त्याच्या वकिलाचा फोन उघडा.

माझ्या बाररूममध्ये या अटकेबद्दल साधा ठराव करावा, असा विषय मी काढला होता. आरोप खरे-खोटे यावर नाही. फक्त एवढंच, की वकिलाला त्याच्या अशिलाच्या विचारांशी जोडून आरोपी करू नये आणि खटला लवकर चालवावा. एक सीनिअर म्हणाले, तो वकील म्हणून आत नाही, माओवादी म्हणून आत आहे. मी म्हटलं, सर, ते ठरवणारा निकाल मला दाखवा. त्यावर चहा आला आणि विषय बदलला. ठराव झाला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्या खोलीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी खुनाच्या आरोपीचं वकीलपत्र घेतलेलं आहे आणि त्यावरून कुणी त्यांना खुनी म्हटलेलं नाही.

ही गोष्ट १९९० साली हवानाच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी वकिलांच्या भूमिकेबद्दल जी तत्त्वं मान्य केली त्यात अठराव्या क्रमांकावर आहे, की वकिलाला त्याच्या कामामुळे अशिलाशी किंवा अशिलाच्या ध्येयाशी एकरूप मानू नये. पण मला हवानापर्यंत जायची गरज वाटत नाही. १९२६ मध्ये टिळक-चिपळूणकरांवर जहाल टीका करणाऱ्या पुस्तिकेबद्दल केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्यावर पुण्यात खटला झाला, शिक्षाही झाली. त्यांचं अपील बाबासाहेब आंबेडकरांनी चालवलं आणि ते सुटले. पुण्यात, त्या काळात, ती ब्रीफ घेणं काय होतं याची कल्पना करा. आमच्या बाररूमच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे.

नुकताच, ३१ ऑक्टोबर २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आलाय. अशिलाची माहिती काढायला तपास यंत्रणांनी वकिलांना सरसकट समन्स काढू नये, आणि वकिलाचा संगणक किंवा फोन हवा असेल तर तो न्यायालयासमोर हजर करून घ्यावा, वकिलाच्या उपस्थितीत, त्याला तज्ज्ञ आणायची मुभा देऊन उघडावा, असं त्यात आहे. दोन ज्येष्ठ वकिलांना ईडीने समन्स काढल्यावर गाजलेला हा विषय. मला निकालाचा आनंद झाला. मग लगेच १७ एप्रिल २०१८ आठवला. गडलिंगांच्या घरातून गेलेल्या डिस्कांत त्यांच्या अशिलांची टिपणं होती, बचावाचे मुद्दे होते, ज्या सरकारविरुद्ध ते लढत होते त्याच सरकारच्या पोलिसांच्या हातात ते सगळं गेलं. त्या अशिलांचं काय झालं, हे कुठल्याच निकालात आलेलं नाही.

परवा एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला लिहून विचारलं, “ताई, मला अशाच केसेस करायच्या आहेत, पण घरचे घाबरतात. करू का?” तिला खाजगीत जे लिहिलं तेच इथे देते, कारण असं विचारणारे आणखी असतील.

कर. घरच्यांची भीती खोटी नाही, त्यांना तसं सांगूही नकोस. पण सावध राहून कर. अशिलांच्या फाइलींसाठी वेगळा संगणक ठेव, अनोळखी ईमेलमधली जोडपत्रं त्यावर उघडू नकोस, आणि महत्त्वाचं कागदावर ठेव. वकीलपत्राची प्रत, मुलाखतीची तारीख, कुणाला काय पत्र पाठवलं याची वही असू दे. घरावर झडती आलीच तर भांडू नकोस, पंचनामा शब्दन् शब्द वाच, जप्त केलेल्या प्रत्येक डिस्कची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, त्यात लिहून माग, म्हणजे नंतर एक अक्षर जरी बदललं तरी कळेल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, ते आठवण करून दे. आणि एकटी राहू नकोस. आसपासच्या चार वकिलांना तुझं काम माहीत असलं पाहिजे.

सुरुवातीलाच यूएपीए घेऊ नकोस. तुझ्या जिल्ह्याच्या कारागृहात असा कुणीतरी नक्की आहे, ज्याला जामीन मंजूर झालाय पण जामीनदार मिळत नाही म्हणून तो अजून आत आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून त्याचं नाव घे. त्याच्या गावी जा, सातबारा असलेला नातेवाईक शोध, तहसीलमधून सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला काढ, त्याला कोर्टात उभा कर. ते जमलं नाही तर वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडा म्हणून अर्ज टाक, मसुदा माझ्याकडे तयार आहे. यायच्या आधी फोन कर, मंगळवारी मी मुलाखतींना कारागृहात असते.